नव्या कॉइलला जुनी वायर पुरते का? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

जुन्या गाडीला जास्त ताकदीची इग्निशन कॉइल (बॅटरीचे व्होल्ट हजारोंमध्ये चढवून प्लगला स्पार्क देणारी) बसवण्याबद्दल या वेळी बरीच पत्रं आली आहेत. बहुतेकांचं लक्ष खोक्यावरच्या व्होल्टच्या आकड्याकडे आहे. आमच्या मते तो आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. त्याआधी तीन गोष्टी बघाव्यात : कॉइल चालू-बंद कोण करतं, तिचा रेझिस्टन्स किती आहे आणि बॅटरीतले किती व्होल्ट तिच्यापर्यंत खरोखर पोचतात. वेगळं सांगितलं नसेल तिथे १२ व्होल्टची, निगेटिव्ह अर्थ असलेली (म्हणजे बॅटरीचा मायनस गाडीच्या पत्र्याला जोडलेली) गाडी धरली आहे.

प्रश्न : चार सिलिंडरच्या गाडीत सीबी पॉइंट (प्लगना पाळीपाळीने स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले, कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) आहेत. जुनी कॉइल काढून ४०,००० व्होल्टची नवी बसवली. वायरिंग होतं तसंच ठेवलं. आधी गाडी छान चालली. आता कॉइलला हात लाववत नाही, पॉइंट काळे-निळे पडलेत आणि गाडी मिस मारते. कॉइल खराब निघाली का?

उत्तर : कॉइल चांगली असेल, पण ती तुमच्या गाडीची नाही. मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून आकडा लिहून घ्या. मग कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवून प्लस आणि मायनस टर्मिनलमधला रेझिस्टन्स मोजा आणि त्यातून पहिला आकडा वजा करा. हे काम कॉइल थंड असताना करायचं. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतो, त्यामुळे थंड असताना ३ ओहम दाखवणारी कॉइल ८० अंशांला पावणेचारच्या आसपास दाखवते.

बॅलास्ट (कॉइलच्या मालिकेत बसणारा, करंट कमी करणारा रेझिस्टर) नसलेल्या, पॉइंटवर चालणाऱ्या गाडीची मूळ कॉइल साधारण ३ ओहमची असते. तुमची नवी बहुधा १.५ ओहमची निघेल. इंजिन चालू असताना सिस्टिममध्ये १४ व्होल्ट असतात. १४ भागिले ३ म्हणजे पॉइंटमधून जास्तीत जास्त पावणेपाच अँपिअर, तर १४ भागिले १.५ म्हणजे सव्वानऊ. इंजिन फिरत असताना पॉइंट सतत उघडतात, त्यामुळे करंट त्या टोकापर्यंत पोचत नाही आणि ३ ओहमच्या कॉइलवर तो चारच्या आत राहतो. पॉइंटचा धातू एवढंच सोसतो. दुप्पट करंट तोडायला लागला की दर वेळी पॉइंटवर छोटा आर्क बसतो, धातू उडतो, गॅप बदलतो आणि गॅपबरोबर टायमिंगही (स्पार्क पडण्याची वेळ) सरकतं. कॉइल तापण्याचं कारणही तेच आहे. इंजिन बंद, चावी चालू आणि पॉइंट मिटलेले अशी गाडी उभी राहिली तर ३ ओहमच्या कॉइलमध्ये सुमारे ५० वॉट उष्णता होते, १.५ ओहमच्या कॉइलमध्ये १०० वॉटच्या वर. एवढ्या उष्णतेत आतलं तेल प्रसरण पावतं आणि सील सुटतो. टॉवरच्या (कॉइलची मधली केबल बसते त्या उंच टोकाच्या) बुडाशी तेलाचा ओलावा दिसला तर ती कॉइल परत वापरू नका.

पॉइंट ठेवायचे असतील तर दोन वाटा आहेत. पहिली, ३ ओहमची चांगली कॉइल. दुसरी, हीच १.५ ओहमची कॉइल आणि तिच्या प्लसच्या वायरीत मालिकेत १.५ ओहमचा बॅलास्ट रेझिस्टर. रेझिस्टर किमान ५० वॉटचा हवा. तो उघड्या पत्र्यावर, वायरिंग आणि पेट्रोलच्या नळ्यांपासून लांब बसवा, कारण तो चालू असताना चांगलाच तापतो आणि तसा तापणं बरोबर आहे. दुसऱ्या वाटेचा फायदाही आहे. कमी ओहमच्या कॉइलमध्ये वेढे आणि इंडक्टन्स कमी असतात, त्यामुळे करंट लवकर चढतो. चार सिलिंडरच्या इंजिनला ६००० आरपीएमला मिनिटाला १२,००० स्पार्क लागतात, म्हणजे प्रत्येक स्पार्कच्या वाट्याला ५ मिलिसेकंद. पॉइंट मिटलेले असतात त्यातले तीन-सव्वातीन. एवढ्या वेळात साध्या कॉइलचा करंट पुरता चढत नाही. आठ सिलिंडरला तर वेळ याच्याही निम्माच मिळतो.

बॅलास्ट लावण्याआधी पॉइंट बदला. जळालेले पॉइंट घासून पुन्हा बसवू नका. कंडेन्सरही (पॉइंटवरचा आर्क आवरणारा कपॅसिटर) नवा घ्या, साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा. एका पॉइंटवर खड्डा आणि समोरच्यावर उंचवटा दिसत असेल तर कंडेन्सरची क्षमता जुळत नाही, असं समजा.

प्रश्न : गाडीत बॅलास्ट आहे की नाही, कसं ओळखायचं? बॉनेटखाली चिनी मातीचा ठोकळा कुठे दिसत नाही.

उत्तर : ठोकळा नसेल तरी बॅलास्ट असू शकतो. पुष्कळ गाड्यांत ते काम वायरिंगमध्येच घातलेली रेझिस्टन्स वायर करते. सत्तरच्या दशकातल्या काही ब्रिटिश गाड्यांत ती गुलाबी-पांढरी असते. ती मध्येच कापून साधी वायर जोडायला जाऊ नका आणि तिच्यावर टेप किंवा जाड आवरणही गुंडाळू नका.

डोळ्यांपेक्षा मीटरवर भरवसा ठेवा. चावी चालू करा, इंजिन बंद ठेवा, पॉइंट मिटलेले असू द्या. कॉइलचा प्लस आणि अर्थ यांच्यामध्ये व्होल्ट मोजा. बॅटरीएवढे, म्हणजे १२ च्या आसपास आले तर बॅलास्ट नाही. ५ ते ८ मध्ये आले तर आहे. इथे बरेच जण फसतात. पॉइंट उघडे असतील तर करंटच वाहत नाही आणि बॅलास्ट असूनही मीटर पूर्ण १२ दाखवतो. त्यामुळे आधी डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून पॉइंट मिटलेत याची खात्री करा. इंजिन हाताने फिरवणं अवघड असेल तर कॉइलच्या मायनसवरून अर्थला जंपर लावा, आकडा घ्या आणि लगेच काढा. कॉइलची मधली केबल त्या वेळी कॅपमध्येच असू द्या, कारण जंपर काढताना स्पार्क पडतो.

बॅलास्टच्या गाडीत आणखी एक वायर असते. स्टार्टरच्या सोलेनॉइडवरून (सेल्फच्या मोटरला बॅटरी जोडणाऱ्या विद्युत स्विचवरून) ती थेट कॉइलच्या प्लसला येते आणि सेल्फ मारताना बॅलास्टला वळसा घालून पूर्ण बॅटरी देते. बिघाड ओळखायला तिचा उपयोग होतो. सेल्फ मारताना इंजिन पेटलं आणि चावी सोडताच बंद पडलं, तर बॅलास्ट तुटलाय. सेल्फवर नुसतंच फिरलं आणि चावी सोडतानाच इंजिन क्षणभर पेटलं, तर ही वळशाची वायर किंवा सोलेनॉइडमधला तिचा संपर्क गेलाय.

प्रश्न : रिलेतून (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचमधून) कॉइलला थेट बॅटरी द्यावी असं वाचलं. खरंच गरज असते का? असल्यास जोडणी क्रमवार सांगावी.

उत्तर : गरज आहे की नाही ते आधी मोजा. न मोजता रिले लावला तर वायरिंगमध्ये एक बिघडू शकणारी वस्तू वाढते, एवढंच.

चावी चालू, पॉइंट मिटलेले. मीटर डीसी व्होल्टवर. लाल पिन बॅटरीच्या प्लस खांबावर, क्लॅम्पवर नव्हे. काळी पिन कॉइलच्या प्लसवर. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत हरवतात. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक. एकच्या वर गेला तर दखल घ्या. मग काळी पिन एकेक पायरी मागे न्या : फ्यूजबॉक्स, इग्निशन स्विचचा बाहेर जाणारा टर्मिनल, आत येणारा टर्मिनल, अँमीटर असल्यास त्याची दोन्ही टोकं. आकडा जिथे एकदम घसरतो, दोष त्याच्या लगेच पुढच्या सांध्यात आहे. आता दुसरी बाजू : एक पिन बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरी डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर. इथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त नको. जास्त असेल तर इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी काढून दोन्ही टोकं उघड्या धातूपर्यंत घासा. निम्म्या गाड्यांचं काम इथेच होतं आणि रिले लागतच नाही. बॅलास्टची गाडी असेल तर प्लसची मोजणी बॅलास्टच्या अलीकडच्या टोकापर्यंत करा, पलीकडे नाही.

एवढं करूनही स्विचमध्येच व्होल्ट जात असतील, किंवा कमी ओहमची कॉइल इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलवर (पॉइंटचं काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर) चालवायची असेल, तर रिले लावा. चार पायांचा साधा १२ व्होल्ट ३० अँपिअरचा रिले पुरतो. त्याच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे कोरलेले असतात. पाचवा पाय ८७ए असेल तर तो मोकळा सोडा आणि त्यावर आवरण घाला.

बॅटरीचा मायनस आधी काढा. रिले उभा, पाय खाली येतील असा बसवा, म्हणजे पाणी आत साचत नाही. जागा एक्झॉस्टपासून लांब आणि कॉइलच्या जवळ बघा. बॅटरीच्या प्लसवरून, किंवा सोलेनॉइडच्या ज्या बोल्टवर बॅटरीची जाड केबल येते तिथून, २.५ चौरस मि.मी.ची तांब्याची वायर ३० क्रमांकाला आणा. वायर जिथून निघते तिथून हातभराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज हवा. फ्यूज रिलेजवळ लावला तर अलीकडची सगळी वायर फ्यूजच्या संरक्षणाविना राहते आणि पत्र्याला घासली की तीच पेट घेते. ८७ वरून तेवढ्याच जाडीची वायर कॉइलच्या प्लसला. बॅलास्ट ठेवायचा असेल तर तो ८७ आणि कॉइलच्या मध्ये येतो. कॉइलच्या प्लसवर आधी येत असलेली स्विचची वायर काढून ८६ ला लावा. आता तिच्यातून सुमारे ०.१५ अँपिअर जातो, त्यामुळे जुना स्विचही निवांत राहतो. ८५ वरून १ चौरस मि.मी.ची वायर स्वच्छ घासलेल्या अर्थला.

दोन गोष्टी विसरू नका. स्विचची जुनी वायर बॅलास्टमधून येत असेल तर रिलेच्या ८६ ला ती बॅलास्टच्या अलीकडून घ्या. आणि सोलेनॉइडची वळशाची वायर कॉइलच्या प्लसलाच राहू द्या, पण सेल्फ सोडल्यावर सोलेनॉइडकडून तिच्यात पुरवठा येत राहत नाही हे तपासा. मीटर लावून बघा : इंजिन चालू असताना ती वायर कॉइलपासून सोडवली की तिच्या टोकावर शून्य व्होल्ट असायला हवेत.

थिंबल (वायरीच्या टोकाला चेपून बसवायचा कनेक्टर) चांगल्या क्रिम्पिंग पकडीने दाबा. साध्या पकडीने चेपलेला थिंबल थंडपणी घट्ट वाटतो, पण हादऱ्यांनी सैल होतो. नुसतं सोल्डर केलेला सांधाही इंजिनजवळ नको. सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक होते आणि तिथेच तुटते.

प्रश्न : रिले लावल्यापासून चावी बंद केली तरी इंजिन चालूच राहतं. बॅटरीची वायर काढायची वेळ येते.

उत्तर : इंजिन चालू असताना बॅटरीची वायर यापुढे कधीही काढू नका. अल्टरनेटरचा व्होल्टेज एकदम उसळतो आणि त्याचे डायोड, मॉड्यूल दोन्ही जातात. थांबवायचंच असेल तर टॉप गिअर टाकून ब्रेक दाबून ठेवा आणि क्लच हळूहळू सोडा.

तुमचा बिघाड चार्जिंगच्या दिव्यातून येतो. या दिव्याचं एक टोक इग्निशन स्विचला आणि दुसरं अल्टरनेटरला असतं. चावी बंद केली तरी फिरणारा अल्टरनेटर १४ व्होल्ट देत असतो, ते दिव्यातून उलटे येऊन स्विचच्या लाइनवर पोचतात. पूर्वी त्या लाइनवर ३ ओहमची कॉइल होती, एवढासा करंट ती गिळून टाकायची. आता तिथे फक्त रिलेची नाजूक कॉइल आहे, आणि एकदा ओढलेला रिले धरून ठेवायला दिव्यातून येणारा करंट पुरतो.

दिवा आणि अल्टरनेटर यांच्यामधल्या वायरीत १ अँपिअरचा रेक्टिफायर डायोड घाला. १एन४००७ चालतो. डायोडवरची पट्टी अल्टरनेटरच्या बाजूला हवी. उलटा बसला तर चावी चालू केल्यावर दिवा लागणार नाही, म्हणजे चूक लगेच कळते. त्यावर हीट-श्रिंक नळी चढवा आणि वायर डॅशबोर्डच्या चौकटीला बांधा, लोंबकळत ठेवू नका.

प्रश्न : रिलेनंतर टॅकोमीटरचा काटा शून्यावरून हलत नाही.

उत्तर : डायलच्या खालच्या कडेला बारीक अक्षरं असतील. स्मिथ्सच्या मीटरवर आरव्हीआय लिहिलेलं असेल तर तो कॉइलला जाणारा करंट मोजतो. स्विचकडून कॉइलला जाणारी वायर त्याच्या पाठीमागे वेढा घेऊन किंवा दोन बुलेट कनेक्टरमधून पुढे जाते. तुम्ही ती वायर रिलेच्या ८६ ला दिलीत, त्यामुळे आता तिच्यातून रिलेचा संथ, न तुटणारा करंट जातो आणि मीटरला मोजायला काही उरत नाही.

यावर उपाय एकच : रिलेच्या ८७ पासूनची वायर टॅकोमीटरमधून नेऊन मगच कॉइलच्या प्लसला आणायची, पूर्वीच्याच दिशेने. ८६ साठी स्विचची वायर टॅकोमीटरच्या आधी तोडून घ्यायची. अशा गाडीत रिले डॅशबोर्डमागे बसवला तर वायर कमी लागते. बुलेट कनेक्टर मात्र नवे घाला, नाहीतर रिलेने वाचवलेले व्होल्ट तिथे जातील.

आरव्हीसी लिहिलेला मीटर कॉइलच्या मायनसवरून सिग्नल घेतो. त्याला रिलेने काही फरक पडत नाही. तो बंद पडला असेल तर मायनसवरची वायर निसटली असणार.

प्रश्न : जास्त व्होल्टच्या कॉइलने गाडीची ताकद वाढते का?

उत्तर : सुस्थितीतल्या, मूळ अवस्थेतल्या इंजिनात नाही. प्लगच्या गॅपमधून उडी मारायला जेवढे व्होल्ट लागतात तेवढ्यावरच कॉइलचा चढ थांबतो. साध्या इंजिनात ते बहुतेक वेळा ८,००० ते १५,००० असतात. खोक्यावरचा आकडा ही राखीव ताकद आहे. ती जास्त कॉम्प्रेशन, मोठा गॅप, पातळ मिश्रण किंवा वरचे आरपीएम असतील तेव्हाच कामी येते.

प्रश्न : पॉइंट काढून डिस्ट्रिब्युटरमध्ये इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलं. लाल वायर कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला. दोन मॉड्यूल जळाली. आता तिसरं घ्यायच्या आधी विचारतो.

उत्तर : आधी कॉइल मोजा. प्रत्येक मॉड्यूलच्या कागदावर कॉइलचा किमान रेझिस्टन्स दिलेला असतो आणि तो पाळावाच लागतो. चार सिलिंडरच्या साध्या मॉड्यूलला बहुधा ३ ओहमची कॉइल लागते. ०.६ ओहमची कॉइल फक्त अशाच मॉड्यूलला चालते जे करंट आणि ड्वेल (कॉइलमधून करंट चालू राहण्याचा काळ, पॉइंटच्या गाडीत तो अंशांत मोजतात) स्वतः आवरतं. साध्या मॉड्यूलला ती जोडली तर २० अँपिअरच्या वर करंट ओढला जाऊ शकतो.

दुसरं कारण चावी. पॉइंट उघडे असताना गाडी उभी राहिली तर कॉइल आपोआप मोकळी व्हायची. साधं मॉड्यूल चुंबकाच्या ज्या स्थितीत थांबेल त्यावर अवलंबून तासभरही करंट चालू ठेवू शकतं. रेडिओ ऐकायला किंवा वायरिंग तपासायला चावी इग्निशनवर ठेवू नका, अ‍ॅक्सेसरीवर ठेवा. तपासणीच्या वेळी मॉड्यूलची लाल वायर सोडवून ठेवा.

बॅलास्टच्या गाडीत आणखी एक चूक होते. लाल वायर कॉइलच्या प्लसला, म्हणजे बॅलास्टच्या पलीकडे जोडली जाते. तिथे निम्मेच व्होल्ट असतात, मॉड्यूल अडखळतं आणि गाडी मिस मारते. लाल वायर बॅलास्टच्या अलीकडे, पूर्ण १२ व्होल्टवर हवी, आणि ते १२ व्होल्ट सेल्फ मारतानाही तिथे असले पाहिजेत. काही इग्निशन स्विचमध्ये सेल्फच्या स्थितीत ती लाइन तुटते. मीटर लावून एकाने सेल्फ मारावा, दुसऱ्याने आकडा बघावा.

मॉड्यूलचा अर्थ डिस्ट्रिब्युटरच्या हलत्या पट्टीतून जातो. त्या पट्टीला बॉडीशी जोडणारी छोटी मऊ वेणीची वायर तुटलेली असेल तर बेअरिंगमधून अर्थ मिळत-सुटत राहतो. पॉइंट त्यावर कसेबसे चालतात, मॉड्यूल चालत नाही. जुना कंडेन्सर काढून टाका. आणि प्लगच्या केबली नुसत्या तांब्याच्या तारेच्या असतील तर त्या बदला. कार्बन गाभ्याच्या किंवा सप्रेशनच्या केबली घाला. तांब्याच्या केबलींमधून येणारा विद्युत गोंगाट मॉड्यूलला भलत्याच वेळी चालवतो. तुमची दोन्ही मॉड्यूल पहिल्याच मिनिटात गेली असतील तर मात्र लाल-काळी वायर उलटी लागली होती का, तेही तपासा.

प्रश्न : कॉइलच्या बॉडीला वेगळा अर्थ द्यावा का?

उत्तर : गोल डब्याच्या कॉइलला लागत नाही. दुय्यम (जास्त व्होल्टच्या) वेढ्याचं दुसरं टोक आतच प्राथमिक (बॅटरीकडच्या) वेढ्याला जोडलेलं असतं. क्लॅम्प मात्र धातूला घट्ट टेकलेला हवा, कारण उष्णता तिथूनच जाते. तेलाची कॉइल शक्यतो टॉवर वर ठेवून उभी बसवा.

प्रश्न : पॉझिटिव्ह अर्थची गाडी आहे. जुन्या कॉइलवर एसडब्ल्यू आणि सीबी अशी अक्षरं आहेत, नव्या कॉइलवर प्लस-मायनस. कोणती वायर कुठे?

उत्तर : एसडब्ल्यू म्हणजे स्विचची बाजू, सीबी म्हणजे पॉइंटची. नव्या कॉइलवर तुमच्या गाडीत मायनसला स्विचची वायर आणि प्लसला डिस्ट्रिब्युटरची. साधा नियम : डिस्ट्रिब्युटरची वायर कॉइलच्या त्या खुणेला जाते जी बॅटरीची अर्थ बाजू आहे. जर्मन कॉइलवर १५ आणि १ असे आकडे असतात, त्यात १५ प्लस आणि १ मायनस.

उलटं जोडलं तरी गाडी चालू होते, म्हणून चूक वर्षानुवर्षं लपून राहते. प्लगचा मधला तापलेला इलेक्ट्रोड ऋण असला की त्यातून इलेक्ट्रॉन सहज सुटतात आणि स्पार्क कमी व्होल्टला पडतो. उलट जोडणीत ते थंड बाजूच्या इलेक्ट्रोडमधून ओढावे लागतात. लोडवर किंवा सकाळच्या गारठ्यात मिस येतो. जुने प्लग काढून बघा : बाजूच्या इलेक्ट्रोडला आतून खळगा पडलेला दिसला तर कॉइल उलटी आहे. गाडी मधल्या काळात निगेटिव्ह अर्थला बदललेली असेल आणि जुनी अक्षरांची कॉइलच असेल, तर स्विचची वायर सीबीला आणि डिस्ट्रिब्युटरची एसडब्ल्यूला द्यावी लागते. वर सांगितलेली रिलेची जोडणी तुम्हालाही चालते, फक्त फ्यूजची वायर बॅटरीच्या मायनस खांबावरून येईल. आत डायोड असलेला रिले घेऊ नका. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल घ्याल तर पॉझिटिव्ह अर्थसाठीच बनवलेलं घ्या.

प्रश्न : रेडिओची घरघर घालवायला कॉइलवर कपॅसिटर लावला, तर गाडी धड चालत नाही.

उत्तर : तो मायनसवर लागलाय. प्लसवर लावा आणि त्याची बॉडी अर्थला द्या.

प्रश्न : कॅपॅसिटर डिस्चार्ज इग्निशनची (कपॅसिटरमध्ये साठवलेली ऊर्जा कॉइलमध्ये सोडणारी) पेटी आणली आहे. कॉइलच्या प्लसवर आधीपासून येणाऱ्या वायरीचं काय करायचं?

उत्तर : ती कॉइलपासून काढा आणि पेटीला चालू होण्याचा इशारा देणाऱ्या बारीक वायरीला जोडा. कॉइलच्या दोन्ही टर्मिनलवर पेटीच्या वायरी सोडून दुसरं काहीही नको, टॅकोमीटरही नाही, त्यासाठी पेटीवर वेगळं टोक असतं. ही पेटी प्राथमिक वेढ्याला ४०० व्होल्टच्या वर देते, म्हणून तिथे टेस्ट लॅम्प लावू नका आणि हातही लावू नका. पेटीच्या जाड लाल-काळ्या वायरी थेट बॅटरीच्या खांबांना जातात. कॉइल पेटीच्या यादीतलीच निवडा.

प्रश्न : कॉइल, रिले, प्लग सगळं नवं. मीटरचे आकडेही तुमच्या सांगण्याप्रमाणे. तरी चढावर आणि वेग वाढवताना मिस येतो. जुन्या कॉइलवर येत नव्हता.

उत्तर : नवी कॉइल गरज पडेल तसे जास्त व्होल्ट चढवू शकते, आणि ते व्होल्ट आता सगळ्यात कमजोर आवरणातून पळतात. पहिला संशय रोटरवर (डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरून प्रत्येक प्लगकडे स्पार्क पोचवणाऱ्या तुकड्यावर) घ्या. रोटरची पितळी पट्टी रिव्हेटने बसवलेली असते. रिव्हेटखाली प्लास्टिक पातळ असेल तर स्पार्क तिथून थेट शाफ्टमध्ये जातो आणि बाहेरून काही दिसत नाही.

तपासणी सोपी आहे. कॅप काढा, रोटर जागेवर ठेवा. कॉइलची मधली केबल कोरड्या, आवरण असलेल्या पकडीत धरून तिचं टोक रोटरच्या पट्टीपासून ५ मि.मी. वर आणा. चावी चालू करून पॉइंट आवरणाच्या स्क्रूड्रायव्हरने उघडा-मिटा. जोरदार ठिणगी वारंवार पट्टीवर पडत असेल तर रोटर फुटलाय. चांगल्या रोटरवर एखादी फिकट ठिणगी पडून थांबते. केबलचं टोक हवेत लांब सोडून ही तपासणी करू नका. जायला वाट मिळाली नाही की कॉइलच्या आतलंच आवरण फुटतं. पेसमेकर असलेल्या माणसाने हे काम करू नये आणि जवळ उभंही राहू नये.

रोटर चांगला निघाला तर कॅप आतून-बाहेरून पुसा आणि उजेडात बघा. दोन टोकांमध्ये पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर कॅप बदला. रेघ खरवडून जात नाही, ती कार्बनची वाट असते. कॅपच्या मध्यातला कार्बनचा खडू स्प्रिंगवर हलतो का, तेही बोटाने दाबून बघा. प्लगच्या केबली एकेक मोजा. कार्बन गाभ्याची केबल मीटरला साधारण १० ते २० हजार ओहम दाखवते. एखादीच बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट असेल तर तीच गुन्हेगार.

आणि प्लगचा गॅप. नवी कॉइल आली म्हणून तो थेट १ मि.मी.च्या वर नेला असेल तर परत आणा. पॉइंटवर ०.६ ते ०.६५ मि.मी. पुरे. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असेल तर ०.१ मि.मी.ने वाढवत जा आणि प्रत्येक वेळी टॉप गिअरमध्ये, कमी वेगावरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबून बघा. मिस आला की मागच्या मापावर या. बहुतेक जुन्या इंजिनांना ०.९ च्या पुढे काही मिळत नाही.

पॉइंट असतील तर त्यांचा गॅप ०.३५ ते ०.४० मि.मी., किंवा मॅन्युअलमधला ड्वेल, चार सिलिंडरला सहसा ५० ते ६० अंशांच्या दरम्यान. गॅप मोठा झाला की ड्वेल घटतो, कॉइल भरायला वेळ कमी मिळतो आणि टायमिंग पुढे जातं. म्हणून आधी पॉइंटचा गॅप लावा, नंतर टायमिंग लाइटने टायमिंग बघा. उलट क्रमाने केलं तर दोन्ही पुन्हा करावं लागतं.